पहिल्या जागेवरचा बगळा

ताईने ‘बगळा’ लिहिलेली चिठ्ठी कपाटाच्या दारावर सगळ्यांत वर चिकटवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा पुढे होऊन ती काढली. चिकटपट्टीबरोबर रंगाचा बारीक पोपडा निघाला. तिने तो नखाने उडवला आणि चिठ्ठी तिसऱ्या जागेवर लावली. तिथे ती नवरदेवाला वऱ्हाडाच्या मागच्या रांगेत बसवल्यासारखी दिसत होती. येणाऱ्याचं पहिलं लक्ष तिकडेच गेलं असतं.

“दार सोलून काढू नकोस गं,” आई आतून म्हणाली. “खेळ तुमचा होतो आणि देवीचे व्रण माझ्या कपाटाला.”

“पुसून देते नंतर.”

“कपाट राहू दे. माझ्या गुडघ्यावर हात फिरव जरा. साऱ्या मैदानाचे गुडघे बाईसाहेबांना तोंडपाठ, आईच्या गुडघ्याला मात्र वाटाण्याच्या अक्षता.”

एरवी ताई हसली असती. आज तिने चिकटपट्टीचं टोक शोधायला घेतलं.

हा खेळ घरात आणला बाळ्याने. बाळ्या तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी बाळ्याच. फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी बाबांच्या घरी जमायचं आणि खऱ्याखुऱ्या संघांतले खेळाडू पाळीपाळीने आपापल्या कागदी संघात घ्यायचे. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग तो खेळाडू वर्षभर मैदानावर जे करील त्याचे गुण इकडे त्याच्या मालकाच्या खात्यात. त्याने गोल केला की मालक चढला; तो बाकावर बसला की मालकही बसला. बाळ्या याला फँटसी लीग म्हणे, बाबा नुसतं ‘आपला खेळ’. मोसमाअखेर जो तळाला राहील त्याने एक पोचे पडलेली ॲल्युमिनियमची किटली घरात दर्शनी जागेवर ठेवायची, असा दंड होता. ती किटली इतकी वर्षं बाबांच्याच घरी मुक्कामाला होती की आईने तिच्यात चमचे ठेवायला सुरुवात केली होती.

ताई खेळत नसे. ती क्रम लावायची. पहिले दहा खेळाडू कोणते, त्यांत वरचा कोण, खालचा कोण, हे तिने कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या लावून ठरवायचं आणि प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोलायचं. तिचा शब्द सगळे मानत, कारण एक तर तिला कुणाला जिंकवायचं नसे. आणि दुसरं, ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे खांदे, कंबरा आणि घोटे तिच्या हाताखालून जात. सामना बघतानाही ती चेंडूकडे बघत नसे. उडी मारून खाली येणारा माणूस आधी टाच टेकतो की चवडा, मान कुठे वळवतो, दमला की कोणता खांदा पाडतो, हे बघत बसे. “गोल मोजायला आम्ही आहोत, ताई सांधे मोजते,” असं बाळ्या म्हणायचा. पण तिने “हा थंडीत बसणार” म्हटलं की तो थंडीत बसायचाच.

यंदा पाळ्या ठरवताना बाबांचं नाव पहिलं निघालं होतं. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाल्यापासून त्यांना पहिलं असं काही मिळालं नव्हतं. पहिली पाळी म्हणजे पहिल्या नंबरचा खेळाडू, म्हणजे यंदा किटली घराबाहेर. आज सकाळी त्यांनी दाढी केली, आरशात पाहिलं, आणि हनुवटीखाली राहिली म्हणून पुन्हा साबण लावला. आता ते इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत खुर्च्या लावत होते, आणि लावलेल्या खुर्च्या परत हलवत होते.

“झालं का गं?” त्यांनी दारातून डोकावलं.

“बाबा, आत यायचं नाही. नियम आहे.”

“मी कुठे बघतोय? मी घड्याळ बघतोय.”

घड्याळ त्या भिंतीवर नव्हतंच. ते गेल्यावर ताईने बगळ्याची चिठ्ठी हातात घेतली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

बगळा हे नाव बाळ्याचं. उंच, सडसडीत, चेंडू मारण्याआधी एका पायावर क्षणभर थबकणारा तो गडी दुसरं काही दिसतच नसे. घरात सगळ्याच खेळाडूंना अशी नावं होती, आणि अर्थातच ज्याची त्याला ती माहीत नव्हती. म्हणून गुरुवारी बगळा ताईच्या केंद्रात टेबलावर उताणा पडला होता तेव्हा हे नाव आपल्या तोंडून निसटतं की काय, अशी तिला धास्ती वाटली होती.

तो काही आठवड्यांपासून येत होता. दुपारी, केंद्र बंद असताना, मागच्या दाराने, टोपी कपाळावर ओढून. ताईने त्याचा गुडघा एका हाताने धरून दुसऱ्याने पाय दुमडला की तळहाताला कुरकुर लागे, ओल्या वाळूत भांडं घासावं तशी. ती दर वेळी थोडी वाढली होती. गुरुवारी तिने पाय दुमडला, सरळ केला आणि अलगद टेबलावर ठेवला.

“डॉक्टरांनी सांगितलं,” तो छताकडे बघत म्हणाला. “खेळ संपला. क्लबलाही सांगून झालं. बुधवारी ते जाहीर करतील.”

ताईने त्याच्या पायावर चादर ओढली.

“माझी आई गावी असते. एकटीच. फोनचं तिला वावडं आहे, पण पेपर रोज घेते. माझ्यासाठी. खेळाचं पान आधी उघडते, बाकीचं जग मागाहून. मी सोमवारी पहाटे निघतोय, दुपार होईल पोचायला. समोर बसून सांगायचंय तिला. तेवढं होईपर्यंत हे बाहेर जायला नको.”

“इथून जाणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात हो.”

“इथलं ऐकलेलं इथल्या चादरींबरोबर धुवायला जातं,” ताई म्हणाली.

तो हसला. मग उठून बसला, आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकला तेव्हा उजवा पाय लांब सोडून, तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला ठेवून वाकला.

शुक्रवारी ताईने बाळ्याला फोन केला होता. “यंदा तुमचा क्रम तुम्हीच लावा ना. मला कंटाळा आलाय.”

“कंटाळा? तुला?” बाळ्या म्हणाला होता. “का गं, कुणाचं आतलं काही कळलंय वाटतं? थांब, वार्ताहराला सांगतो, ताई संपावर गेली म्हणून.”

“गप रे. येते मी.”

वार्ताहर म्हणजे बाळ्याचा शाळेतला मित्र. कोण कुठे भिंतीवरून उडी मारून पळालं हे मास्तरांना नेऊन सांगायचा म्हणून मुलांनी त्याला वार्ताहर नाव ठेवलं, आणि नावाला जागून तो पुढे खरोखरच एका वर्तमानपत्रात लागला. क्रीडा पानावर. दर वर्षी तोही खेळायला येई. माणूस वाईट नव्हता. आईला फळं घेऊन यायचा, बाबांशी तासन् तास बोलायचा. पण बातमी दिसली की त्याचे कान मांजरासारखे वळत, आणि मग समोर मैत्री आहे की नाती, त्याला दिसत नसे. रविवारी संध्याकाळी त्याने लिहिलेलं सोमवारी सकाळी छापून येई. सोमवारी दुपारच्या आधी.

ताईने पुन्हा एकदा हिशेब मांडला. बगळ्याला खाली लावावं, तर वाक्य बोलावं लागणार. आणि त्याच्याबद्दल तिच्याकडे खरं असं एकच वाक्य होतं. क्रमातून गाळावं, तर वाक्य न बोलताच बोलल्यासारखं. वर लावावं, तर पहिली पाळी बाबांची.

ती उठली. चिठ्ठी सगळ्यांत वर लावली आणि चिकटपट्टीवरून अंगठा दोनदा दाबून फिरवला.

*

सगळे पुढच्या खोलीतल्या खुर्च्या कपाटाच्या खोलीत आणून बसले तेव्हा उन्हं खिडकीवरून उतरली होती. बाळ्याने मांडीवर वही घेतली होती आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी खोडत होता. त्याची बायको चहाचे कप घेऊन आली आणि सरळ कपाटासमोरच्या खुर्चीत बसली. दारावर ताईने जुनी चादर टाकली होती.

“मला काय, देखणे मिळाले की पुरे,” ती म्हणाली.

“हिचं हे असंच,” बाळ्या म्हणाला. “मी रात्र रात्र आकडेमोड करतो, ही दाढी बघून संघ निवडते आणि दर वर्षी माझ्या वर असते.”

“तुम्ही दाढी वाढवून बघा. कदाचित तुम्हालाही कोणी निवडेल.”

वार्ताहर मोठ्याने हसला. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. कानामागे पेन्सिल, गुडघ्यावर कागद. “चला ताई, उघडा पडदा. आज संध्याकाळचं पान माझ्याकडेच आहे, मला लवकर पळायचंय. एक कोपरा अजून रिकामा आहे त्यात.”

“मग आमच्या बाबांचा फोटो टाक,” बाळ्या म्हणाला. “किटलीसकट.”

“यंदा किटली तुझ्याकडे येतेय,” बाबा म्हणाले. “जागा करून ठेव.”

ताईने चादर ओढली आणि रिवाजाप्रमाणे खालून सुरुवात केली.

“दहावा, डोंगर. हात चांगले आहेत, पण पडतो तो नेहमी डाव्या खांद्यावर. मोसम पुरा करायचा नाही.”

पेन्सिली चालू झाल्या.

“नववा, सुतार. मान कधी ताठ धरत नाही. उशिरा दमेल.”

एकेक चिठ्ठी वर चढत गेली. कुणाचा घोटा जुन्या दुखापतीतून अजून भीत होता, कुणाची कंबर गेल्या वर्षीपेक्षा मोकळी झाली होती. घड्याळ नावाचा मधल्या फळीतला खेळाडू चौथा आला. “शेवटच्या मिनिटाला त्याची पावलं पहिल्या मिनिटासारखीच पडतात,” ताई म्हणाली, आणि बाळ्याने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. बाबा काही लिहीत नव्हते. खुर्चीच्या टोकावर बसून, डोकं किंचित कलतं करून ते तिचा आवाज ऐकत होते. बस चालवतानाही ते असेच बसायचे. इंजिनात काय बिघडलंय ते त्यांना सीटखालून कळायचं, असं डेपोतले लोक म्हणत.

“दुसरा, भोवरा. धक्का लागला की सैल पडतो. सैल पडणाऱ्याचं काही मोडत नाही.”

“वा!” वार्ताहर म्हणाला. “हे मी चोरणार. आणि पहिला?”

पहिली चिठ्ठी सगळ्यांना दिसतच होती. तरी तिने तिच्यावर बोट ठेवलं.

“पहिला, बगळा. गेल्या मोसमात सर्वांत जास्त गोल त्याचेच.”

बाळ्याने “ते आलंच!” म्हणून मान डोलावली. त्याच्या बायकोने कप उचलला. वार्ताहराने पेन्सिल कागदावर टेकवली होती, ती तिथेच राहिली.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच.”

“नाही, म्हणजे...” त्याने स्टूल थोडं पुढे ओढलं. आवाज अगदी मऊ होता. “ताई, तुम्ही गोल कधीपासून मोजायला लागलात? गोल तर मीपण मोजतो.”

ताईने हातातल्या चादरीची घडी घातली. टोकाला टोक जुळेना, म्हणून उलगडून परत घातली. ती काही उलटं बोलली असती तर चाललं असतं, हसली असती तरी चाललं असतं. पण तिच्याने दोन्हींतलं एकही धड होईना. बाळ्याची बायको तिच्याकडे आणि वार्ताहराकडे आळीपाळीने बघू लागली.

“तो उडी मारून खाली येतो ना,” वार्ताहर म्हणाला, “त्याबद्दल मागच्या वर्षी तुम्ही केवढं सांगितलं होतं. मी लिहूनसुद्धा ठेवलंय. यंदा त्या पायाबद्दल...”

“बगळा माझा!”

बाबा उभे राहिले होते. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. ते तरातरा कपाटापाशी गेले, वरची चिठ्ठी ओढली आणि तिच्यासोबत तळहाताएवढा रंगही घेऊन आले.

“अहो बाबा, थांबा, मी ताईंना विचारतोय—”

“चिठ्ठी उचलली, चर्चा बंद. घरचा नियम आहे. तू काय माझी पाळी बोलण्यात घालवणार होतास होय रे? मागच्या वर्षीही असंच केलंस. बोलत बसलास आणि मला गोलरक्षक खपवलास.”

“मी? मी खपवला?”

“मग कोण, पानावर काय मी होतो? ‘हा यंदाचा शोध’ म्हणून कोणी छापलं होतं? हाच तो शोध वर्षभर माझ्या डोक्यावर बसून होता.”

बाळ्या हसून हसून वाकडा झाला. “बाबा, बरोबर पकडलंत. तो माणूस एक सामना खेळला सगळ्या मोसमात!”

“त्याला व्हिसा मिळाला नाही हो,” वार्ताहर म्हणाला. “त्यात माझी काय चूक?”

“मिळेल, मिळेल, म्हणून तूच सांगत होतास. चहा घेताना सांगितलंस, याच स्टुलावर बसून.” बाबा आता चांगलेच रंगात आले होते. मग ते बगळ्याच्या गेल्या वर्षीच्या एका गोलाची कथा सांगायला लागले. हात पसरून, एका पायावर उभे राहून, कुठे वारं होतं नि कुठे पंच होता इथपासून. ती सगळ्यांनी ऐकलेली होती, आणि बाबांनी तिच्यात गोलखांब भलत्याच बाजूला उभा केला होता. बाळ्या तो सरळ करायला गेला. सूनबाई बाबांना हाताने धरून खाली बसवायला गेली. कथा संपली तेव्हा वार्ताहराची पाळी आली होती, भोवरा समोर मोकळा होता, आणि त्याच्या डोळ्यांत तो भोवरा तरळायला लागला होता.

“सोडलात ना माझ्यासाठी,” तो चिठ्ठी काढत म्हणाला. “मनातून मला हाच हवा होता. सैल पडणारा.”

ताई पलंगाच्या कडेवर टेकली. तिने घडी घातलेली चादर मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

पहिल्या दहातले संपल्यावर उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. त्यांत बगळ्याच्याच संघातला एक जाडसर, अडखळत पळणारा गडी होता. बगळा नसला की त्याच्या जागी त्यालाच उतरवत. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बाबांची पाळी आली. त्यांचं बोट चिठ्ठ्यांवरून सरकत आलं आणि त्या जाडसराच्या नावावर थांबलं. फार नाही. ताईने पाहिलं तेवढाच वेळ. मग बोट पुढे सरकलं.

“हा द्या,” बाबा म्हणाले, आणि एक म्हातारा बचावपटू उचलला.

“बाबा!” बाळ्याने कपाळावर हात मारला. “हा गेल्या वर्षी अर्धा वेळ लंगडत होता. तुम्हाला पुढच्या फळीत माणूस हवाय. बगळ्याला काही झालं तर कोण आहे तुमच्याकडे?”

“काय व्हायचंय त्याला?” बाबा म्हणाले. “पहिल्या नंबरचा आहे तो.”

जाडसर शेवटच्या फेरीत सूनबाईने घेतला. त्याचे डोळे बोलके आहेत म्हणाली.

*

वार्ताहर सगळ्यांत आधी गेला. दारात बूट घालताना त्याने, रिकाम्या कोपऱ्यात मैदानाच्या नव्या गवताबद्दल टाकतो झालं, असं सांगितलं. बाळ्या आणि त्याची बायको कोणाचा संघ बरा यावर जिन्यापर्यंत भांडत गेली. आई तिच्या खोलीत पाय लांब करून बसली होती. ताईने जाऊन तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आई डोळे मिटून राहिली.

मग ताई स्वयंपाकघरात आली. बाबा बेसिनपाशी उभे राहून कप विसळत होते. शर्टाच्या बाह्या त्यांनी दुमडल्या होत्या, तरी एका बाहीवर ओलं झालं होतं. तिने फडकं घेतलं आणि त्यांच्याशेजारी उभी राहून कप पुसायला लागली.

“बाबा,” ती म्हणाली, “तो बचावपटू कशाला घेतलात?”

“माझ्याच वयाचा वाटला.” त्यांनी एक कप उलटा करून बघितला, पुन्हा पाण्याखाली धरला. “मैदानावर काय गं, येतात आणि जातात.”

“हं.”

“पण चालता-फिरता येईल ना त्याला? जिने वगैरे? तरुण आहे अजून.”

ताईच्या हातातलं फडकं थांबलं.

“कुणाला?” ती म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर आरशात बघून मागची गर्दी ओळखणारे डोळे क्षणभर तिच्या चेहऱ्यावर राहिले.

“बरोबर,” ते म्हणाले, आणि विसळलेला कप तिच्या हातात दिला.